अभद्र नाही, आई

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार. परवा अंत्यविधीचा विषय काढला तर आईनं "तिन्हीसांजेला अभद्र नको" म्हणून फोन ठेवला, म्हणून लिहितेय. बाबा, तुमच्या म्हणण्याप्रमाणेच करायचं, दादाशी बोलून ठरवलंय. घरचीच माणसं, सजवलेली गाडी नाही, बाराव्याच्या पंगती नाहीत. कंजूषपणा नव्हे गं आई. पंचगंगेच्या स्मशानात महापालिका दहनाचे पैसे घेत नाही, शेणीही तिथंच असतात. आपण होळीला तिथं शेणी देतो त्या आणखी कशासाठी? रक्षा नदीत नको, मळ्यातल्या आंब्याला घालू.

बाबा, तुमचा पेसमेकर. तो तसाच राहिला तर बॅटरी तापून फुटते आणि चितेजवळच्याला लागू शकतं. आधी डॉक्टरांकडून काढून घ्यायचा, फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहा.

पापण्या आणि जबडा दोन-तीन तासांत आखडायला लागतात. म्हणून डोळे लगेच मिटायचे, हनुवटीखालून डोक्यावर पट्टी बांधायची, हातपाय सरळ करून पायाचे अंगठे बांधायचे. उशीर झाला की जोर लावावा लागतो, ते बघवत नाही. अंगठी, पाटल्याही तेव्हाच काढायच्या. नेत्रदानाचे फॉर्म भरलेत, पण डोळे सहा तासांच्या आत घ्यावे लागतात. तोवर पंखा बंद, पापण्यांवर ओला कापूस, डोक्याखाली उशी. मग पंखा लावा आणि बर्फ पिशव्यांत भरून पोटावर ठेवा, बिघाड तिथूनच सुरू होतो. मी पुण्याहून पोचेपर्यंत तेवढं पुरे. तिरडीला बांबू, सुतळी, कडबा दादा आणेल. आई, आंघोळ घालायला तू खाली बसायचं नाहीस, गुडघे बघ आधी.

अडतं ते कागदात. घरीच वारलेल्या माणसाचं मृत्यूचं कारण उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच लिहून द्यायचं असतं. त्यांनी वर्षभर पाहिलंच नसेल तर ते सही कशी करतील? म्हणून महिन्याला एक फेरी, कंटाळा चालणार नाही बाबा. नोंद २१ दिवसांत, नाव आधारवर आहे तसंच. एका काना-मात्रेवरून आईची पेन्शन अडायला नको.

झालं, संपला विषय. अजून ताप आला की मला आईच्या पदराचा तो वासच आठवतो, आणि मी काय लिहीत बसलेय! गीझरवाला शनिवारी येईल, अकरापर्यंत घरी थांबा. गार पाण्यानं आंघोळ करू नका, दोघंही.

तुमची,
धाकटी