भांगेच्या शेतीत नर झाडाकडे पण बघा

संपादक साहेब, नमस्कार,

औद्योगिक भांगेबद्दल, म्हणजे ज्याला सगळे हेम्प म्हणतात त्याबद्दल, हल्ली बरंच छापून येतं. वाखाचं (म्हणजे खोडाच्या सालीतल्या धाग्याचं) कापड, बियांचं तेल, परवानगी, नफा सगळं येतं, पण बियाणं चांगलं ठेवायचं कसं यावर कोणी चार ओळी पण लिहीत नाही. माझ्या मते खरी गाडी तिथेच अडते. (लायसन्स घेऊन लावता येतं तिथलंच बोलतोय.)

मुळात हे पीक गव्हासारखं आपल्याच फुलात फळणारं नाही. नर झाड वेगळं, मादी वेगळी, पराग वाऱ्यावर उडून कित्येक किलोमीटर जातो, त्यामुळे एकाच मादीच्या घोसातलं बी पेरलं तरी एक रोप कमरेएवढं आणि शेजारचं डोक्याच्या वर असं होऊ शकतं. दर पिढीला निवड करावीच लागते नाहीतर वाणाचा पार बट्ट्याबोळ होतो.

आणि निवड म्हणजे काय करतात तर सगळ्यात उंच, जाड मादी बघायची आणि तिचं बी ठेवायचं. पण ते झाड बऱ्याचदा बांधाकडेचं असतं किंवा आजूबाजूची रोपं मेली तिथलं, ऊन आणि जागा जास्त मिळाली म्हणून वाढलेलं, तो गुण काही बियात उतरत नाही. भर दाटीत शेजाऱ्यांपेक्षा सरस निघतं ते झाड खरं. अजून खात्री करायची तर प्रत्येक मादीचं बी वेगळ्या पिशवीत ठेवा आणि पुढच्या हंगामात वेगळ्या ओळीत पेरा, कुठल्या आईची पोरं चांगली निघाली ते ओळीवरून चालत गेलं की दिसतं.

पण बापाचं काय? खाण तशी माती म्हणताना आपण फक्त आईकडे बघतो, अर्धा वारसा तर नराचा असतो! नर आधी फुलतो, पराग सांडला की वाळतो, आणि मादीचं बी पिकून आपण निवडायला जातो तेव्हा तो शेतात नसतोच. यावर जर्मनीत ब्रेडेमान या शास्त्रज्ञाने मागच्या शतकात जी युक्ती काढली ती मला फार आवडते. फुलायच्या आधी नराचं खोड उभं चिरायचं, अर्ध्या भागातला वाख मोजायचा, उरलेल्या अर्ध्यावर झाड जिवंत ठेवायचं, आणि वाख कमी भरला तर पराग सुटायच्या आत ते उपटून टाकायचं. तीसेक वर्षं हे चिकाटीने करून खोडातलं वाखाचं प्रमाण त्यांनी पुष्कळ वाढवून दाखवलं. एवढी चिरफाड नाही जमली तरी मरतुकडे, रोगट, फांद्यांचा पसारा झालेले नर वेळेत काढणं तर कोणालाही जमेल.

टीएचसीचं, म्हणजे भांगेतल्या नशा आणणाऱ्या घटकाचं, पण तेच, तोही गुण दोघांकडून येतो. अमेरिकेत २०१८ च्या कायद्याने आणि युरोपात २०२३ पासून मर्यादा ०.३ टक्के आहे, त्याच्या वर गेलं की माल हेम्प म्हणून धरतच नाहीत. दुसऱ्या जातीचा पराग उडत आला तर यंदाच्या पिकात काही कळणार नाही पण ठेवलेलं बी बिघडलेलं असेल आणि पुढच्या हंगामात टेस्टिंगला दणका बसेल, म्हणून बियाण्याचा प्लॉट लांबच हवा.

अजून एक, एकच झकास जोडी निवडून तिच्यावरच वाण चालवायचा मोह होतो. तसं करू नये, पुढे सगळी भावंडंच एकमेकांत फळतात आणि दोन-तीन पिढ्यांत झाडांचा जोम उतरतो. भरपूर माद्या, भरपूर नर ठेवा आणि फक्त वाईट काढत चला. बी नीट वाळवून थंड जागी ठेवा, त्यात तीस टक्क्यांच्या आसपास तेल असतं, उष्णतेत लवकर खवट होतं आणि उगवण पडते.

तर विनंती एवढीच की यावरचा पुढचा लेख बियाणं तयार करणाऱ्या माणसाकडून लिहून घ्या, आणि त्यांना नरांची निवड कशी करतात ते आवर्जून विचारा.

आपला एक वाचक