एकाच नगाचे काम मनापासून करून देणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

आपण करून दिलेल्या भागांवर उभा राहिलेला माझा ट्रक पूर्ण झाला असून आता तो नियमितपणे चालतो आहे. आभार मानायला मी गाळ्यावर आलो तेव्हा लेथ (धातू कातायचे यंत्र) चालू होता, दाराशी टेम्पो माल भरायला उभा होता, आणि आपण "चालतोय ना? मग झालं तर," एवढे म्हणून पुन्हा कामाला लागलात. त्या गडबडीत जे बोलायचे राहून गेले ते सविस्तर लिहावे आणि आपल्यासारख्या कारागिरांचे काम कसे असते ते चार लोकांनी वाचावे, म्हणून हे पत्र उघड लिहीत आहे. आपले नाव आणि गाळ्याचा पत्ता यात कुठेही येणार नाही. तशी आपली इच्छा होती.

इतर वाचकांसाठी थोडा संदर्भ देतो. माझा ट्रक म्हणजे जीप एफसी-१५० या जुन्या गाडीची एकास दहा प्रमाणातली, रिमोटवर चालणारी आणि खडकांवरून चढणारी प्रतिकृती. अमेरिकेतल्या विलीज कंपनीने ही गाडी १९५६ च्या अखेरीस बाजारात आणली. तिचे रूप ब्रूक्स स्टीव्हन्स यांनी आखले होते, आणि पुढे महिंद्राने ती आपल्याकडे बनवली. केबिन थेट पुढच्या चाकांवर, इंजिन दोन आसनांच्या मधोमध झाकणाखाली आणि मागे मोकळा हौदा, अशी तिची ठेवण होती. माझे वडील तरुणपणी असा ट्रक चालवत असत, त्यामुळे बनवायचा तर हाच, हे माझ्या मनात पक्के होते. अडचण मापांची होती. एकास दहा मापाच्या क्रॉलर, म्हणजे खडक चढणाऱ्या गाड्यांचे जे संच सर्रास मिळतात, त्यांत पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर ३१३ मिलिमीटरच्या आसपास असते. एफसी-१५० मध्ये हे अंतर ८१ इंच, म्हणजे २०५७ मिलिमीटर होते. त्याचा दहावा भाग २०६ मिलिमीटर भरतो. शंभराहून अधिक मिलिमीटरची ही तफावत तयार सांगाडा कापून भरून निघणारी नव्हती. मोटर, गिअरबॉक्स, पुढच्या-मागच्या चाकांकडे गती वाटणारी ट्रान्सफर केस आणि तिथून ती गती चाकांकडे नेणारे दोन्ही बाजूंचे दांडे, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, हे सगळे वीतभर जागेत बसवायचे, तर निम्मे भाग नव्यानेच करून घ्यावे लागणार होते.

असे भाग कोण करून देणार, हा खरा प्रश्न होता. साकीनाका आणि कुर्ल्याच्या औद्योगिक वसाहतींमध्ये लेथचे गाळे ओळीने आहेत, पण बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न "किती नग?" असाच येत असे आणि "एक" हे उत्तर ऐकल्यावर बोलणे तिथेच संपत असे. त्यांना मी मुळीच दोष देत नाही. लेथवर जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, बांधणे, कापणारे टूल त्याच्या मध्याला आणणे, पहिला कट घेऊन माप तपासणे यात जो वेळ जातो तो एका नगासाठीही तेवढाच आणि हजार नगांसाठीही तेवढाच. हजारांत तो वाटला जातो, एकात सगळाच्या सगळा अंगावर पडतो. भाडे आणि वीजबिल भरून गाळा चालवणाऱ्याला हा हिशेब टाळता येत नाही. आपल्यालाही तो टळलेला नव्हता. तरीही आपण माझ्या हातातला कागद घेतलात, चष्मा लावून पाहिलात आणि नगांची संख्या न विचारता "ही गाडी चालणार कुठे?" असे विचारलेत.

वांद्र्याच्या बँडस्टँडला ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या खडकांवर, असे मी सांगितले, आणि त्या एका उत्तरावरून आपण माझ्या यादीतल्या निम्म्या गोष्टी बदलल्या. खाऱ्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियमला पितळ चिकटून राहिले तर अ‍ॅल्युमिनियम खात जाते, म्हणून गाडी उलटू नये यासाठी रिमच्या आत घालायची पितळी वजने थेट रिमला न टेकवता मध्ये प्लास्टिकचा पातळ वॉशर घालायचा, हे आपण तिथेच कागदाच्या कडेला लिहिलेत. चाकाच्या पिना साध्या लोखंडाऐवजी स्टेनलेसच्या घ्यायच्या, बेअरिंगे दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलीच आणायची आणि गाडी घरी नेली की आधी गोड्या पाण्याने धुवायची, हेही त्याच बैठकीत ठरले. इतके बारकाईने कोणी माझ्या कागदाकडे पाहिले नव्हते. आपल्या दृष्टीने ते खेळणे नव्हते, गाडीचे काम होते, आणि गाडी म्हटल्यावर ती कुठल्या रस्त्यावर धावणार हे आधी पाहायचे असते.

ट्रान्सफर केसमधली बेअरिंगची घरे, म्हणजे बेअरिंग बसायची भोके, आपण ज्या रीतीने बोअर केलीत, ते मी शेजारी उभे राहून पाहिले आहे, आणि त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिल्यावाचून राहवत नाही. बेअरिंग बाहेरून ११ मिलिमीटर, आतून ५ आणि जाडीला ४. भोक जरा सैल झाले तर शाफ्ट डगमगतो आणि गिअरचे दात खाल्ले जातात, घट्ट झाले तर बेअरिंगच आवळून जाते. शेवटचा कट घ्यायच्या आधी आपण मशीन बंद केलेत आणि जॉबला हात न लावता शांतपणे थांबलात. अ‍ॅल्युमिनियम तापलेले असताना माप घेतले तर फसगत होते, एवढेच आपण म्हणालात. घरी येऊन मी हिशेब मांडला, तेव्हा ११ मिलिमीटरचे भोक ४० अंशांनी तापले तर सुमारे एक शतांश मिलिमीटरने मोठे होते असे निघाले. बेअरिंग नीट बसणे आणि खुळखुळणे यांत फरक पडतो तो एवढ्याच मापाचा. जॉब निवल्यावर आपण भंगारातल्या सळईच्या तुकड्यावर दोन पायऱ्या कातून मापाचा एक खुंटा केलात. एक पायरी भोकात सहज गेली पाहिजे आणि दुसरी जाता कामा नये. त्यानंतर शेवटचा कट झाला आणि बेअरिंग आपण अंगठ्याने दाबून बसवलेत. "हातोडी लागली तर समजायचं भोक चुकलं," हे आपले वाक्य माझ्या वहीत लिहून ठेवलेले आहे. तो खुंटा आपण मला देऊन टाकलात आणि आजही तो माझ्या हत्यारांच्या डब्यात आहे.

सर्वांत मोठे ऋण मात्र प्रोपेलर शाफ्टचे आहे. अंतर कमी असल्यामुळे माझे शाफ्ट जेमतेम बोटभर लांबीचे आहेत आणि सस्पेन्शन खाली गेले की ते चांगलेच तिरके होतात. शाफ्टच्या टोकाचा वाकू शकणारा सांधा, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, तिरका फिरतो तेव्हा त्यातून बाहेर पडणारी गती एकसारखी राहत नाही; प्रत्येक फेऱ्यात ती दोनदा वाढते आणि दोनदा कमी होते. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक, म्हणजे सांध्याचे दुबेळके, एकाच रेषेत असतील आणि दोन्हीकडचे कोन सारखे असतील, तर एका जॉइंटने केलेली चढउतार दुसरा जॉइंट भरून काढतो आणि चाकाकडे गती सरळ पोहोचते. खऱ्या ट्रकांच्या शाफ्टवर जुळणीसाठी बाणाच्या खुणा असतात त्या याचसाठी, हे आपण मला सांगितलेत. उमेदवारीच्या काळात आपण मोठ्या गाड्यांचे शाफ्ट दुरुस्त केले होते, हेही त्या दिवशी कळले. सरकणाऱ्या शाफ्टचे दोन्ही भाग एकमेकांत घालून, योक डोळ्यांच्या रेषेत धरून, आपण खरडणीने दोहोंवर मिळून एक बारीक रेघ ओढलीत, म्हणजे पुढे कधीही खोलले तरी ते त्याच जागी बसतील. पेन्सिलीपेक्षाही बारीक असलेल्या त्या शाफ्टला आपण दहाटनी ट्रकच्या शाफ्टइतकाच मान दिलात.

पितळी वजनांविषयीही लिहायला हवे. खडक चढणाऱ्या गाडीचे वजन जितके खाली आणि पुढे, तितकी ती चढावर उलटत नाही. एफसीची केबिन पुढच्या चाकांवरच असल्याने बॅटरी आणि मोटर आपोआप पुढे आली, परंतु केबिन उंच असल्यामुळे गाडीचा तोल वरच्या अंगाला जात होता. चाकांच्या आत वजन घालणे हा त्यावरचा उपाय, कारण तिथले वजन सस्पेन्शनवर पडत नाही आणि गाडीला खाली धरून ठेवते. पितळ अ‍ॅल्युमिनियमच्या तिपटीहून अधिक जड असते. गुलालवाडीतून आणलेल्या पितळी सळईतून आपण पुढच्या चाकांसाठी जाड आणि मागच्यांसाठी पातळ अशी कडी कातून दिलीत, आणि जोडीतली दोन्ही कडी वजनकाट्यावर सारखी भरेपर्यंत हातातून सोडली नाहीत. रिम मी दीड इंचाच्या घेतल्या होत्या. या छंदात १.९ इंचाच्या रिमचा प्रघात आहे, पण एकास दहाच्या हिशेबाने ती खऱ्या गाडीवर १९ इंचांची रिम झाली असती आणि त्या काळच्या जीपवर तशी रिम शोभली नसती. लहान रिममध्ये कड्याला जागा कमी मिळते, याबद्दल आपण तक्रारीचा एक शब्दही काढला नाहीत.

बाकीचे काम मी घरी केले: स्टायरीन प्लास्टिकच्या पत्र्याची केबिन, लाकडी पट्ट्यांचा हौदा, लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या तारा आणि दिवे. त्यात सांगण्यासारखे फारसे नाही.

आता ट्रक कसा चालतो ते आपल्याला सांगतो, कारण आपण अजून तो खडकावर पाहिलेला नाही. मोटर सुमारे चाळीस फेरे घेते तेव्हा चाकाचा एक फेरा होतो. इतकी संथ चाल मी मुद्दाम ठेवली आहे. गाडी दहाव्या भागाची केली तरी गुरुत्वाकर्षण तेच राहते, त्यामुळे तिचे हेलकावे आणि आपटणे खऱ्या गाडीपेक्षा झटपट होते. ती खरी वाटावी यासाठी तिचा वेग दहा पटींनी नव्हे, तर दहाच्या वर्गमुळाने, म्हणजे साधारण ३.२ पटींनी कमी असावा लागतो. ताशी १० किलोमीटरने खडकाळ वाट चढणारा एफसी दाखवायचा असेल, तर माझा ट्रक ताशी ३ किलोमीटरच्या आसपास चालला पाहिजे. इतक्या कमी वेगात शाफ्ट जरासा जरी अडखळला असता तरी चाक थबकून पुढे उसळलेले लगेच दिसले असते. बँडस्टँडच्या काळ्या बसाल्टवर, शेवाळ टाळून, पुढची दोन्ही चाके एका धारेवर टेकवून मी रिमोटचा ट्रिगर हळूच ओढतो, तेव्हा चारही चाके एकाच लयीत फिरतात आणि ट्रक थांबत-अडखळत न जाता वर चढतो. ट्रिगर सोडला की उतारावर तो आहे तिथेच थांबतो. वडिलांनी ते पाहिले आणि "अगदी असाच चढायचा," असे म्हणाले. ही दाद केबिनच्या रंगाला नव्हती, चालीला होती. आणि ती चाल आपल्या हातची आहे.

आणखी एका गोष्टीबद्दल मला आपला आदर वाटतो, ती म्हणजे पैशांचा व्यवहार. जॉब बांधायचा वेळ किती, कातायचा किती आणि माल किती, हे आपण वेगवेगळे सांगितलेत आणि त्याप्रमाणे रक्कम घेतलीत. हौस आहे म्हणून काम फुकट करून दिले असतेत, तर पुढचा भाग घेऊन यायला मला संकोच वाटला असता. रास्त मजुरी घेतल्यामुळे मला पुन्हा पुन्हा येता आले आणि प्रत्येक वेळी हक्काने शंका विचारता आल्या.

शेवटी एक विनंती. ट्रक पाहून इतर हौशी मंडळी हे भाग कोणी केले असे विचारतात, आणि आपल्या परवानगीशिवाय मी कोणाला काहीही सांगितलेले नाही. आपली हरकत नसेल, तर त्यांतल्या निवडक लोकांना मी आपल्याकडे पाठवीन. महिनाअखेरीस मोठ्या ऑर्डरी पाठवायच्या असतात तेव्हा जाऊ नये, तोंडी वर्णन न करता मापे लिहिलेला कागद न्यावा, कोणत्या मापात किती सैलपणा चालेल तेही त्यावर लिहावे आणि बेअरिंग बसवायचे असेल तर ते बेअरिंग सोबत घेऊन जावे, एवढे मी त्यांना आधीच बजावून सांगेन. आपला नकार असेल तर तोही मला मान्य आहे. माझे स्वतःचे पुढचे काम मात्र ठरलेले आहे: पुढच्या बंपरवर बसणाऱ्या विंचचा, म्हणजे दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राचा, ड्रम, पितळी, ९ मिलिमीटर व्यासाचा, एकच नग. त्याचा कागद तयार आहे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीनंतर घेऊन येतो.

आपला कृतज्ञ,
एक हौशी गाडीकार, मुंबई