तेलाची बाटली आधी बाजूला ठेव

प्रिय विन्या,

तुझं पत्र वाचून हसू आलं आणि काळजीही वाटली. तुझ्या छर्ऱ्याच्या स्प्रिंगवाल्या एअरगनचा बार दणक्यात होतो, नळीतून धूर निघतो, म्हणून तू खूश! अरे, तो जोर बंदुकीचा नाही, तू तिला पाजलेल्या तेलाचा आहे. स्प्रिंग सुटून पिस्टन पुढे झेपावला की त्याच्या पुढची हवा क्षणात दाबली जाऊन भयंकर तापते. तिथे साधं मशीनचं तेल सापडलं, की ते डिझेल इंजिनात पेटावं तसं पेटतं. असे बार होत राहिले तर पिस्टनच्या तोंडावरचं, हवा अडवणारं सील करपेल, स्प्रिंगही मोडेल. सिंथेटिक सीलला तेल जवळपास लागतच नाही. त्या जागी चामड्याचा वॉशर असता तर गोष्ट वेगळी. तो कोरडा पडू द्यायचा नसतो.

चाप ओढल्यावर आत तार छेडल्यासारखं वाजतं म्हणालास, ते दुखणं निराळं. स्प्रिंग आणि तिच्या पोटातला गाइड, म्हणजे तिला सरळ धरणारा दांडा, यांच्यात फट असली की स्प्रिंग सुटताना थरथरते. गाइड असा हवा की स्प्रिंग त्यावर जोर लावून सरकवावी लागेल. मग तिच्यावर चिकट ग्रीसचा पातळ हात. पातळच! सीलच्या पुढे तर थेंबही नको, नाहीतर पुन्हा धूर.

मी पहिल्यांदा बंदूक उघडली तेव्हा मोठ्या तोऱ्यात नवं सील बसवलं. सिलिंडरमधल्या चापाच्या खाचेची कड पात्यासारखी धारदार होती. आत ढकलताना सीलचा नखाएवढा पापुद्रा सोलून निघाला आणि मला पत्ताच नाही. सगळं जोडलं, तर छर्रा पुठ्ठासुद्धा धड भेदेना! पुन्हा सगळं खोललं, बारीक कानशीने कडा मारल्या, सिलिंडर पुसला आणि दुसरं सील घातलं. तेव्हापासून आधी त्या कडेवरून बोट फिरवतो.

पण तू एवढ्यात उघडू नकोस. स्प्रिंग आत दाबूनच बसवलेली असते. स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर न लावता मागची पिन काढलीस तर थेट तोंडावर येईल. आधी दस्त्याचे स्क्रू आवळ, ते हादऱ्यांनी सैल होतातच. मग छर्रा भरायला नळी जिथे वाकवतोस त्या सांध्यावर टिश्यूची पट्टी ठेव आणि मागे भक्कम आडोसा असलेल्या निशाणावर एक छर्रा मार. पट्टी उडाली तर तिथलं सील गेलंय, ते बदलणं सोपं. रिकामा बार मात्र करू नकोस. छर्रा नसला की हवेची उशी राहत नाही, पिस्टन सरळ लोखंडावर आदळतो.

पट्टीचं काय झालं ते लगेच कळव. तोवर मागच्या पिनला हात लावायचा नाही.

तुझाच,
बंड्या