नॅनोकणांची गॅमा चित्रे वाचताना

संपादक महोदय,

'औषधवाहक नॅनोकण थेट गाठीवर' अशा बातम्यांसोबत गॅमा कॅमेऱ्याचे रंगीत चित्र छापले जाते. कॅमेऱ्याला ना औषध दिसते, ना कण. त्याला कळतो तो कणाला जोडलेला टेक्नेशियम-९९एम हा गॅमा किरण सोडणारा किरणोत्सारी पदार्थ. ही जोडणी शरीरात सुटली, तर चित्र सुट्या टेक्नेशियमचे असते. नागपुरातही फार्मसीचे विद्यार्थी नॅनोकणांवर प्रबंध करतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टेक्नेशियम पुरवणाऱ्या जनरेटर या उपकरणातून सलाइनने काढलेले परटेक्नेटेट (टेक्नेशियमचे ऑक्सिजनयुक्त रूप) कणांना धड चिकटतच नाही. आधी स्टॅनस क्लोराइड या टिनच्या क्षाराने त्याचे क्षपण (रिडक्शन) करावे लागते. कणांच्या द्रावणातून दहा मिनिटे नायट्रोजन सोडावा. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ताजे विरघळवलेले स्टॅनस क्लोराइड घालावे. साधारण ५० ते २०० मायक्रोग्रॅमपासून चाचणी करून प्रत्येक कणासाठी मात्रा वेगळी ठरवावी. सोडियम बायकार्बोनेटने पीएच ६.५ ते ७ वर आणावा, परटेक्नेटेट घालावे आणि १५ ते ३० मिनिटे थांबावे. टिन कमी पडले किंवा कुपीत हवा शिरून ते खराब झाले, तर सुटे परटेक्नेटेट उरते आणि थायरॉइड, लाळग्रंथी व जठर उजळतात. ही चूक निदान ओळखू तरी येते.

टिन जास्त झाले की टेक्नेशियमचे कोलॉइड (द्रवात तरंगणारे त्याचे अतिसूक्ष्म कण) तयार होते, आणि ते यकृत व प्लीहेत अडकते. नॅनोकणही तिथेच अडकतात! मग उजळलेले यकृत नेमके कशामुळे, हे चित्रावरून सांगता येत नाही.

सिलिका जेलच्या पट्टीवर ॲसिटोन चढवला की सुटे परटेक्नेटेट वर जाते. पट्टीचे दोन तुकडे करून मोजले की त्याचा टक्का कळतो. पण कण आणि कोलॉइड दोघेही खालीच राहतात. तरीही केवळ या चाचणीवर '९८ टक्के लेबलिंग' (म्हणजे ९८ टक्के टेक्नेशियम कणांना जोडले गेले) असे लिहून मोकळे होणे सर्रास चालते. म्हणून कणांशिवाय तीच सारी कृती करून तो नमुनाही प्राण्यात तपासलाच पाहिजे. शिवाय लेबल केलेले कण ३७ अंशांवर सीरममध्ये २४ तास ठेवून आणि टेक्नेशियम ओढून घेणाऱ्या डीटीपीए या रसायनासोबत ठेवून किती टेक्नेशियम सुटते ते पाहावे. कणांचा आकार व पृष्ठभार (पृष्ठभागावरचा विद्युतभार) लेबलिंगआधी आणि नंतर, दोन्ही वेळा मोजावा. कण एकमेकांना चिकटून मोठे झाले असतील, तर त्यांचा प्रवासच बदलतो.

वेळेचाही हिशेब आहे. टेक्नेशियमचा अर्धायुकाल ६ तास, म्हणजे २४ तासांनी सोळावा हिस्सा उरतो. रक्तात दोन-तीन दिवस फिरणाऱ्या लायपोसोमसाठी (मेदाच्या पटलाच्या औषधवाहक कणांसाठी) तो अपुरा. तिथे ७८ तास अर्धायुकालाचा किरणोत्सारी झिर्कोनियम-८९ आणि पेट स्कॅन योग्य. मात्र सुटलेला झिर्कोनियम हाडांत साठतो आणि हाडे उजळलेली दिसतात.

अशी बातमी छापताना आपल्या प्रतिनिधींनी संशोधकांकडून सीरममधील स्थिरतेचा आकडा आणि कणांविना केलेल्या नमुन्याचे चित्र जरूर मागावे. औषध कणातच टिकले होते की वाटेत गळले, हेही विचारावे. त्यासाठी गाठीच्या ऊतीतले औषध वेगळे मोजावे लागते.

— अणुवैद्यक क्षेत्रातील एक वाचक, नागपूर