साहेब, आमच्या फाईलला एक तारीख द्या

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांना,

नमस्कार साहेब. डिसेंबरात अधिवेशनासाठी नागपूरला याल तेव्हा निवेदनांचा ढीग पडेलच, त्यात विद्यार्थ्यांच्या रिसर्चबद्दलचं हे पत्र हरवू नये म्हणून आधीच लिहितोय. मी इथेच एमबीबीएस करतोय, फायनल इयर. कॉलेजचं नाव लिहीत नाही.

"आजकालच्या पोरांना रिसर्चमध्ये इंटरेस्टच नाही" हे आम्ही प्रत्येक कॉन्फरन्सच्या उद्घाटनाला ऐकतो. अर्धं खरंय. होस्टेलमध्ये काही जण सर्टिफिकेटपुरतं पेपरात नाव घुसवतात, काही तर पैसे भरून कुठल्यातरी जर्नलमध्ये छापून आणतात. पण ज्याला खरंच काही शोधायचंय त्याचं काय होतं ते ऐका.

मागच्या मे महिन्यात मेडिसिनच्या पोस्टिंगला वॉर्डात सिकलसेलचा (रक्ताचा आनुवंशिक आजार, लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात) एक पोरगा होता, माझ्याच वयाचा, गडचिरोलीकडचा. गुडघे पोटाशी घेऊन कण्हत पडलेला, सलाईन चालू, आणि उशाशी बसलेली आई ओल्या पदराने त्याचं कपाळ पुसत म्हणाली, "ऊन लागलं की याचं असंच होते." पुस्तकात क्रायसिसच्या, म्हणजे या आजारात अचानक उठणाऱ्या असह्य दुखण्याच्या, कारणांत थंडीही आहे आणि डिहायड्रेशनही (अंगातलं पाणी कमी होणं). मग जिथे पारा ४५ ला टेकतो त्या नागपुरात हे पेशंट हिवाळ्यात जास्त येतात की उन्हाळ्यात? जुन्या फायली महिन्यावारी मोजल्या की कळेल, एवढा साधा प्रश्न. आणि तो विदर्भात नाही विचारायचा तर कुठे?

आयसीएमआरची (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) एसटीएस ही विद्यार्थ्यांच्या रिसर्चची स्कीम १९७९ पासून चालू आहे, खास एमबीबीएस-बीडीएसच्या मुलांसाठी, दोन महिन्यांचा प्रोजेक्ट. माझं प्रपोजल सिलेक्ट झालं, घरी पेढे पण वाटले. गाईड मॅडम मनाने चांगल्या, पण ओपीडी, वॉर्ड, लेक्चर आणि पीजींच्या (एमडी-एमएस करणाऱ्यांच्या) थिसिस यातून माझ्या वाट्याला रात्री साडेनऊला फोनवर दहा मिनिटं यायची. रेकॉर्ड सेक्शनला गेलो तर फायली कापडात बांधलेल्या, गठ्ठ्यावर फक्त महिना आणि वर्ष, आजाराप्रमाणे काहीच लावलेलं नाही. तिथले काका म्हणाले, "आधी लेटर आन ना बे, मग हात लाव." लेटरला एथिक्स कमिटीची (पेशंटवरचा रिसर्च नीतीत बसतो का ते तपासणारी कॉलेजची समिती) मंजुरी पाहिजे, मंजुरीला मीटिंग, आणि मीटिंगला सगळे मेंबर एका दिवशी मोकळे पाहिजेत, जे झालंच नाही, कधी परीक्षा, कधी इन्स्पेक्शन, कधी कोणाच्या घरचं लग्न. मंजुरी आली तेव्हा रिपोर्टची मुदत संपून आठवडा झाला होता. स्टायपेंड रिपोर्ट पास झाल्यावरच मिळतो, म्हणजे तोही गेला, पण त्याचं एवढं नाही.

वरून अटेंडन्स. थिअरीला ७५ टक्के, प्रॅक्टिकलला ८०, आणि मी कमिटीच्या दारात उभा राहिलो ते सगळे दिवस गैरहजर. बाबांनी विचारलं, नीट पीजीच्या, म्हणजे पीजी प्रवेशाच्या परीक्षेच्या, २०० प्रश्नांत याचा एक तरी मार्क आहे का? काय सांगणार. गंमत म्हणजे पीजीला गेलं की थिसिस कंपल्सरी, रिसर्चचा ऑनलाईन कोर्स पण कंपल्सरी. तोवर साधं सॅम्पल साईज (अभ्यासात किती पेशंट घ्यायचे तो आकडा) कसं काढायचं हे कोणी हाताला धरून शिकवत नाही, आणि मग आपण म्हणतो की पोरं थिसिस कॉपी मारतात.

२०२३ मध्ये केंद्राने सिकलसेल निर्मूलनाचं मिशन सुरू केलं, टार्गेट २०४७. चांगलंच आहे. पण त्याच आजाराच्या फायली आमच्याकडे कापडात बांधून पडल्यात आणि त्या मोजायला पोरं फुकट तयार आहेत.

मला नवीन बिल्डिंग नको, सेंटर ऑफ एक्सलन्स तर अजिबात नको (उद्घाटन होतं, कुलूप लागतं). विद्यार्थ्यांच्या प्रपोजलसाठी एथिक्स कमिटीची दर तीन महिन्यांनी ठरलेली तारीख, कोणी आलं नाही तरी पुढे न ढकलता येणारी. आणि मंजूर प्रोजेक्टचे दिवस हजेरीत धरायचे. दोन्हींना एक जीआर पुरतो.

माझं प्रपोजल मी आता एका ज्युनिअरला दिलंय. तिची फाईल सध्या कमिटीकडे आहे, मीटिंग कधी ते कोणी सांगत नाहीये.

आपला,
नागपुरातला एक एमबीबीएसचा विद्यार्थी