तारीख नसलेली नोंद

बडोदे, रविवार सकाळ

चि. निनाद यास अनेक आशीर्वाद.

गेल्या रविवारी तू आणि तुझी आत्या फोनवर माझ्यावरून भांडलात, तेव्हा मी शेजारच्या खाटेवर डोळे मिटून सगळे ऐकत होतो. ती म्हणत होती, आमचा भाऊ यमाच्या दारातून परत आला. तू म्हणत होतास, ते सगळे मेंदूतले रसायन. दोघांनीही पुरावा म्हणून मलाच पुढे केले होते, आणि मला मात्र कोणी काही विचारले नाही. छत्तीस वर्षे हिशेब लिहिण्यात घालवलेल्या माणसाला, आपल्या खात्यावर दुसऱ्याने परस्पर केलेली नोंद खपत नाही.

आधी एक दुरुस्ती. ‘बाबांना हार्ट अटॅक आला’ असे तू सर्वांना सांगतोस, ते बरोबर नाही. हार्ट अटॅकमध्ये हृदयाची रक्तवाहिनी तुंबते, पण माणूस बहुधा शुद्धीवर असतो आणि हृदय चालू असते. माझे हृदय थांबले होते. म्हणजे त्यातला विजेचा क्रम बिघडून ते नुसते थरथरत राहिले आणि रक्त पुढे ढकलेनासे झाले. अँजिओग्राफीत नवा अडथळा सापडला नाही. मला कधी कळलाही नाही असा जुना झटका येऊन गेला होता, त्याचा व्रण तेवढा सापडला. हृदय असे थांबले की दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध जाते, आणि चार-सहा मिनिटांत मेंदूची हानी सुरू होते.

कमाटीबागेत मी पडलो तेव्हा मागून चालत आलेल्या एका तरुणाने लगेच छाती दाबायला घेतली. कारखान्यातल्या सुरक्षा-प्रशिक्षणात तो हे शिकला होता. आमच्या फिरायच्या कंपूतले लोक सांगतात की तो मोठ्याने गुजरातीत मोजत होता. ओगणत्रीस, त्रीस म्हणून थांबे आणि पुन्हा एकापासून सुरू करी. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबावे लागते. एवढे करूनही रक्त नेहमीच्या पाव-तिसऱ्या हिश्श्याइतकेच फिरते, पण मेंदू तगून राहायला तेवढे पुरले. १०८ ची गाडी येऊन शॉक देईपर्यंत नऊ मिनिटे गेली. माझ्या दोन फासळ्या मोडल्या, आणि अजूनही शिंक आली की त्या मुलाची आठवण येते.

आता तुमच्या वादाचा मुद्दा. मला काय दिसले? पडण्यापूर्वीचे शेवटचे आठवते ते बागेतल्या संग्रहालयाचे फाटक, आणि लहानपणी तुला आतला देवमाशाचा सांगाडा दाखवायला नेले होते तो विचार. त्यानंतर आठवते ती थेट आयसीयूतली ट्यूबलाइट. मधे काही नाही, काळोखसुद्धा नाही. मात्र शुद्ध पुरती आली नव्हती तेव्हा मी ‘पाणी, केवढा मासा’ असे पुटपुटलो, हे खरे. आत्याने त्यात मत्स्यावतार पाहिला. तू म्हणालास, मरणाऱ्या मेंदूचा खेळ. निनाद, तो मासा त्या नऊ मिनिटांत आला, की नंतरच्या दोन दिवसांत झोपेच्या औषधांच्या गुंगीत आला, हे मला सांगता येत नाही, आणि तुम्हा दोघांनाही येणार नाही. नोंद आहे, पण तिच्यावर तारीख नाही, आणि अशी नोंद मी कोणत्याच बाजूला धरत नसे.

ही अडचण माझी एकट्याची नाही. नेदरलँड्समधले हृदयरोगतज्ज्ञ पिम व्हान लोमेल यांनी हृदय थांबूनही जगलेल्या ३४४ रुग्णांची पाहणी २००१ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांपैकी ६२ जणांनी काही अनुभव सांगितला. म्हणजे बहुतेकजण माझ्यासारखेच कोरे परतले. डॉक्टर सॅम पार्निया यांच्या २०१४ च्या अशाच अभ्यासात तर काही खोल्यांत छताजवळ फळ्या लावून, फक्त वरूनच दिसतील अशी चित्रे ठेवली होती. शरीराबाहेर गेल्याचे सांगणाऱ्याने ती ओळखावीत, ही अपेक्षा. कोणी ओळखल्याचे सिद्ध झाले नाही, पण बहुतेकांचे हृदय फळी नसलेल्या खोल्यांतच थांबले, त्यामुळे उलटही सिद्ध झाले नाही. आणि माझे कोरेपण? स्मृती उमटवणारी यंत्रणाच बंद असेल, तर काही घडले तरी ते उमटणार कुठे? तेव्हा ‘बाबांना काही दिसले नाही’ हे तुझे हुकमाचे पान तू खाली ठेव.

आपल्याकडच्या नोंदी मला अधिक आवडल्या, त्या धंद्याच्या ओढीने. सतवंत पस्रीचा आणि इयन स्टीव्हन्सन या संशोधकांनी १९८६ मध्ये भारतातल्या सोळा जणांच्या हकिगती छापल्या. पाश्चात्त्य माणूस बोगदा आणि प्रकाश सांगतो. आपल्या माणसाला यमदूत नेतात, तिथे वही उघडली जाते, आणि ‘हा नव्हे, दुसरा आणायचा होता’ म्हणून परत पाठवतात. चित्रगुप्ताच्या कचेरीतही नावांचा घोळ होतो, हे वाचून मला फार बरे वाटले.

‘पुनर्जन्म झाला’ असे भेटायला येणारा प्रत्येकजण म्हणतो, म्हणून मी आपल्या गुरुजींना शास्त्र विचारले. उत्तरक्रिया होऊन गेल्यावर जो जिवंत परततो, त्याला तुपाच्या भांड्यात बसवून स्नान घालावे, जातकर्मापासूनचे संस्कार पुन्हा करावेत आणि त्याच्याच बायकोशी त्याचे पुन्हा लग्न लावावे, असे धर्मशास्त्रात आहे. तुझी आई म्हणाली, तुपाचा भाव पाहता पहिलेच लग्न चालू राहू दे. पण गुरुजींचे पुढचे वाक्य महत्त्वाचे होते: तुमची उत्तरक्रिया झालीच नाही, तेव्हा शास्त्राच्या लेखी तुम्ही गेलाच नव्हता. डॉक्टरही वेगळे काय म्हणाले? हृदय थांबणे म्हणजे मरण नव्हे, मरणाची सुरुवात. ती परतवता येते तोवर माणूस या बाजूलाच असतो.

आत्यालाही मी सांगितले आहे की कठोपनिषदात नचिकेत नेमका हाच प्रश्न, मेल्यावर माणूस उरतो की नाही, घेऊन बसतो, तेव्हा स्वतः यम म्हणतो की दुसरे काहीही माग, हे विचारू नकोस, देवांनाही यात शंका होती. ती गप्प राहिली, पण रागावली नाही. तुझ्यावर मात्र रागावली आहे, कारण माझ्यासाठी आयसीयूच्या दाराशी दोन रात्री बसून केलेल्या महामृत्युंजयाच्या जपाला तू ‘टाइमपास’ म्हणालास. तिला फोन कर.

हृदय पुन्हा तसे थरथरले तर आपोआप शॉक देणारे यंत्र छातीत बसवले, त्याची जखम भरली आहे. गळ्याच्या डाव्या हाडाखाली काडेपेटीएवढा उंचवटा लागतो, आणि मोबाइल मी आता उजव्या खिशात ठेवतो. पुढच्या शनिवारी तोच तरुण सोसायटीच्या हॉलमध्ये बाहुलीवर छाती दाबायला शिकवणार आहे. पहिले नाव आत्याने दिले. दाबताना मनात जप केला तर चालेल का, असे तिने त्याला विचारले. मोजणी चुकली नाही तर चालेल, असे तो म्हणाला.

तुझे बाबा