आमच्या आयोवाच्या पाटलांस

आदरणीय पाटील यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

हे नाव आपल्याला माझ्या आईने दिले. त्याचा अर्थ काय, असे आपण पहिल्याच दिवशी विचारले होते, आणि गावाचा प्रमुख असे मी सांगितल्यावर आपण हसून म्हणाला होतात की गावाला मेयर आहे, तो सकाळ-संध्याकाळ शाळेची बस चालवतो, आणि हे पद त्याच्याकडून कोणी मागितले तर तो आनंदाने देईल. आईने मात्र आपला हेका सोडला नाही. बार्शीहून दर रविवारी फोन आला की ती आधी नातवाची चौकशी करते आणि मग लगेच विचारते, "पाटील कसे आहेत?"

हे पत्र मराठीत आहे आणि आपल्याला ते वाचता येणार नाही. पुढच्या आठवड्यात आपल्या नव्या घरी येऊन मी ते इंग्रजीत सांगणारच आहे. तरीही ते इथे सर्वांसमोर लिहिण्याचे कारण असे की माझी माणसे मला नेहमी विचारतात, अमेरिकेतल्या त्या आडगावात, मक्याच्या समुद्रात, आपले म्हणावे असे कोणी नसताना तुम्ही इतकी वर्षे कशा राहिलात. त्याचे उत्तर एका व्यक्तीच्या, आमच्या शेतकरी शेजाऱ्याच्या, वर्णनानेच देता येते. शिवाय तोंडी आभार मानण्याचे माझे दोन प्रयत्न फसले आहेत. दोन्ही वेळा आपण "यू बेट", म्हणजे त्यात काय, एवढेच म्हणालात आणि पाऊस पडेल का, या विषयाकडे वळलात.

मी 2018 च्या उन्हाळ्यात इथे आले ती आवडीने नव्हे. जे-1 व्हिसावर शिकायला आलेल्या परदेशी डॉक्टरांना इथले प्रशिक्षण संपल्यावर दोन वर्षांसाठी मायदेशी परतावे लागते. त्यातून सूट हवी असेल तर डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे काम करावे लागते, आणि अशी सूट प्रत्येक राज्याला वर्षाला 30 जणांनाच देता येते. माझ्या वाट्याला आयोवातले 25 खाटांचे रुग्णालय आले आणि राहायला हजारभर वस्तीचे हे गाव मिळाले. दर मैलावर काटकोनात एकमेकांना छेदणारे खडीचे रस्ते, त्यांच्या मधल्या चौकोनात मका किंवा सोयाबीन, गावाच्या टोकाला को-ऑपचे, म्हणजे शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचे, सिमेंटचे उंच कोठार आणि पाण्याची टाकी. किराणा दुकान आम्ही येण्याच्या आदल्या वर्षीच बंद पडले होते. यजमान नोकरीसाठी मिनियापोलिसला असल्यामुळे घरात मी आणि चार वर्षांचा मुलगा असे दोघेच होतो. पहिल्या आठवड्यात दारात काचेची पाच भांडी आली, भाजलेल्या बटाट्यांची, शेवयांची आणि एक चक्क शाकाहारी, कारण आम्ही मांस खात नाही हे कोणीतरी पोस्टात सांगितले होते. प्रत्येक भांड्याच्या तळाशी पांढरी चिकटपट्टी लावून तिच्यावर घराचे नाव लिहिलेले होते. भांडे रिकामे परत करू नये, ही आपल्याकडची रीत मला ठाऊक असल्यामुळे मी पाचही भांड्यांतून शिरा पाठवला. आपल्या भांड्याच्या बदल्यात आपण दुसऱ्या दिवशी टोमॅटो आणून दिलेत, आणि तेव्हा माझ्या लक्षात आले की हा व्यवहार आता बंद होणार नाही.

आता 10 ऑगस्ट 2020 च्या सोमवारविषयी सांगते. फेब्रुवारीत दोन महिन्यांसाठी आलेली आई विमाने बंद झाल्यामुळे इथेच अडकली होती. आपल्या गावात रोज दुपारी बाराला भोंगा वाजतो. गिरणीच्या भोंग्यावर वाढलेल्या आईला या एका गोष्टीमुळे हे गाव ओळखीचे वाटू लागले होते. भोंगा झाला की ती इन्शुलिन टोचून घ्यायची, अर्ध्या तासात भाकरी करून जेवायला बसायची. त्या दिवशी तिने तसेच केले. साडेबाराच्या सुमारास भोंगा पुन्हा वाजू लागला तेव्हा, आज याचे घड्याळ बिघडले असावे, असे म्हणून ती भाकरी थापत राहिली. वादळाची सूचना देणारा भोंगाही तोच असतो, हे तिला सांगायचे मी विसरले होते. हा दोष माझा, आणि तो आपण निस्तरलात.

मी रुग्णालयात होते. पश्चिमेकडून येणाऱ्या त्या वादळाला इथे डेरेचो म्हणतात; चक्रीवादळासारखे ते गरगर फिरत नाही, वाऱ्याची एक लांबलचक भिंत सरळ पुढे सरकत जाते. दक्षिण डकोटापासून ओहायोपर्यंतची सुमारे 770 मैलांची वाट त्याने 14 तासांत कापली, आणि सीडर रॅपिड्सजवळ वाऱ्याचा वेग ताशी 140 मैलांपर्यंत गेला असावा, असा अंदाज नंतर जाहीर झाला. आपल्याला त्या वेळी एवढेच दिसत होते की आभाळ हिरवट काळे झाले आहे आणि शेजारच्या घरात एक म्हातारी बाई आणि एक मूल आहे. आपला ट्रॅक्टर उघड्यावर होता, शेडचे दार सताड उघडे होते. तिकडे न जाता आपण आमच्या मागच्या दाराने आत आलात, गॅसचे बटण स्वतः बंद केलेत, मुलाला उचललेत आणि पिठाच्या हातांनी उभ्या असलेल्या आईला खुणेने पुढे घालून आपल्या तळघरात नेलेत.

पुढचे मला मुलाकडून आणि आईकडून तुकड्यातुकड्यांनी कळले. पाऊण तास वर घर हादरत होते. तळघरात फळीवर आपल्या पत्नीने घातलेल्या बरण्या होत्या, बीट, घेवडा, पीच, प्रत्येकीवर तिच्या अक्षरात साल. इन्शुलिन घेऊन न जेवलेल्या आईला दरदरून घाम फुटला होता आणि तिचे हात थरथरत होते. कोणीही म्हणाले असते की बाई घाबरली आहे. आपण तसे समजला नाहीत, कारण आपल्या पत्नीचे हातही साखर उतरली की असेच थरथरत असत, हे आपण मला कितीतरी महिन्यांनी, तेही सहज बोलता बोलता सांगितलेत. आपण पाकातल्या पीचची 2016 ची बरणी फोडलीत आणि आईला आधी पाक प्यायला लावून मग फोडी खायला घातल्यात. मधुमेहामुळे गोड नको म्हणणाऱ्या बाईशी आपण हातवाऱ्यांनी भांडलात, असे मुलगा अजून सांगतो. पीचची ती शेवटची बरणी होती. ज्या अवस्थेत आई त्या वेळी होती ती अवस्था अर्धा तास तशीच राहिली असती तर काय झाले असते, हे मला डॉक्टर म्हणून नेमके माहीत आहे, म्हणून ते इथे लिहीत नाही.

मोबाइलचे मनोरे पडले होते, झाडांनी रस्ते अडवले होते. करवतीने झालेल्या जखमा शिवत मी रात्र रुग्णालयातच काढली आणि सकाळी घरी पोहोचले तेव्हा आमच्या गॅरेजवर मेपलचे झाड आडवे होते आणि आपल्या धान्याच्या पत्र्याच्या तीन कोठ्यांपैकी एक चुरगळलेल्या कागदासारखी पलीकडच्या सोयाबीनमध्ये पडली होती. गावातली वीज नऊ दिवसांनी आली. पंपही बंद असल्याने कोणाकडे पेट्रोल नव्हते. ते आपल्या शेतावरच्या टाकीत होते. आपण जनरेटर पिकअपमध्ये टाकून घरोघर फिरवलात, प्रत्येक घरी चार तास, म्हणजे फ्रीजमधले अन्न टिकेल. आईच्या इन्शुलिनमुळे आमचे घर यादीत पहिले होते. आपले स्वतःचे यादीतच नव्हते, हे तिसऱ्या दिवशी आईच्या लक्षात आले, आणि तेव्हापासून आपले रात्रीचे जेवण आमच्याकडे, हे तिने ठरवून टाकले. शेतातला हा एवढा मका माणसांनी खायचा नसतो, तो गुरांना आणि इथेनॉलला जातो, हे तिला पटवता पटवता मी थकले होते. आपण परसातली गोड मक्याची कणसे आणलीत, तिने ती निखाऱ्यावर भाजून तिखट-मीठ आणि लिंबू चोळून आपल्या हातात दिली. डोळ्यांतून पाणी काढत आपण दोन संपवलीत. लोण्याकडे हातही नेला नाहीत, याची तिने विशेष नोंद घेतली.

त्यानंतरच्या एका संध्याकाळसाठी मला आपले आभार वेगळे मानायचे आहेत. विम्याचा माणूस येऊन पाहणी करून गेला होता. आपण, आई आणि मी बांधावर उभे होतो. समोरचा सगळा मका एकाच दिशेला आडवा झाला होता. आई बराच वेळ काही बोलली नाही, मग तिने 1972 चा दुष्काळ सांगायला सुरुवात केली. ती 14 वर्षांची होती, दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती, आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी मिळत होती, जिला आमच्याकडे सगळे मिलो म्हणत. मी भाषांतर करत होते, पण मिलो या शब्दाला भाषांतर लागले नाही. आपण टोपी काढलीत आणि खाली बघत म्हणालात, "ते आम्ही गुरांना घालायचो." मला ते आईला सांगावेसे वाटत नव्हते, तिने सांगायला लावले. ऐकून ती म्हणाली, "माहीत आहे आम्हाला. पोट भरलं होतं, एवढं सांग त्यांना." मग आपण ऐंशीच्या दशकातल्या शेतीवरच्या संकटाविषयी बोललात, जमिनीचे भाव कसे कोसळले, व्याज कसे चढले, आणि वडिलांनी घराच्या मागचे 80 एकर विकले त्या दिवशी ते जेवले कसे नाहीत. आपण हे आजवर कोणालाच सांगितले नव्हते, असे आपली मुलगी मला नंतर म्हणाली. माझी आई सबंध आयुष्यात पहिल्यांदाच एका परक्या पुरुषाशी शेतीविषयी बरोबरीच्या नात्याने बोलली, हेही मला त्या दिवशीच कळले.

ऑक्टोबरमध्ये पश्चिमेकडच्या रस्त्यावरचा शेतकरी पाय मोडून पडला तेव्हा आपण फोन फिरवलेत, आणि शनिवारी सकाळी त्याच्या शेतात पाच हार्वेस्टर उभे राहिले. आडवा मका एकाच बाजूने, रांगत्या मुलाच्या वेगाने काढावा लागत होता, प्रत्येकाची स्वतःची सुगी खोळंबली होती, तरी दोन दिवसांत शेत मोकळे झाले. आई म्हणाली, "ही तर इर्जिक." आमच्याकडे ज्याच्या शेतावर शेजारी असे आपापले बैल घेऊन कामाला येतात, त्याने सर्वांना जेवू घालायचे असते. तो बिचारा खाटेवर होता, म्हणून आईने चर्चच्या तळघरातल्या बायकांमध्ये उभे राहून मसालेभात केला. त्यातल्या तिघींनी कृती लिहून घेतली, आणि त्यांपैकी एकीने आजवर तो कधीही तिखट घालून केलेला नाही, ही गोष्ट मी आईपासून लपवून ठेवली आहे.

हे गाव म्हणजे स्वर्ग आहे, असे मला म्हणायचे नाही, आणि आपल्यालाही ते आवडणार नाही. इथली मुले शिकली की निघून जातात, शाळा शेजारच्या दोन गावांच्या शाळांत विलीन झाली आहे, आणि निवडणुकीच्या वर्षी आपल्या आणि माझ्या अंगणांतल्या पाट्या एकमेकींकडे पाठ करून उभ्या असतात. मी इथे कायमची आले असे समजायला काही घरांना बराच काळ लागला, आणि एकदोन घरांना अजूनही लागतो आहे. तरी 2021 मध्ये माझी तीन वर्षांची सक्ती संपली, मोठ्या शहरांतून बोलावणी आली, आणि यजमानांनी उलट आपली नोकरी बदलून इकडे यायचे ठरवले.

त्याआधी, 2020 च्या नोव्हेंबरमध्ये आईला परत जाण्यासाठी विमान मिळाले तेव्हा ओहेर विमानतळापर्यंतचे चार तास आपणच गाडी चालवलीत. आपल्याला शिकागोची वाहतूक किती नकोशी वाटते, हे स्टिअरिंगवरच्या आपल्या बोटांवरून कळत होते.

आणि आता गेल्या महिन्यात आपल्या शेतीचा लिलाव झाला. वाऱ्यात उभे राहून मी पाहत होते, ट्रॅक्टर गेला, पेरणीयंत्र गेले, गवताच्या गाड्यांवर मांडलेले नट-बोल्टचे पाने, साखळ्या, दोरखंड एकेक करून गेले, आणि आपण खिशात हात घालून प्रत्येक घेणाऱ्याला त्या वस्तूची खोड सांगत होतात, जे लिलाव करणाऱ्याला मुळीच पसंत नव्हते. शेवटी तळघरातल्या रिकाम्या बरण्यांचे खोके आले. माझ्याविरुद्ध एकच बोली लागली, तीही आपल्या मुलीने मला ओळखल्यावर मागे घेतली. चार डॉलरला मिळालेल्या त्या 12 बरण्यांपैकी एकीवर 2016 ची चिठ्ठी अजून आहे. ती मी धुताना भिजू दिली नाही.

त्या बरणीत आईच्या हातचे लिंबाचे लोणचे भरले आहे. ते तिने बार्शीहून एका येणाऱ्याबरोबर पाठवले, तीन पिशव्यांत गुंडाळून आणि तिखट अर्धे करून. पुढच्या आठवड्यात ते घेऊन येते. आपल्या नव्या घराची खिडकी दक्षिणेकडे आहे असे कळले, तेव्हा पंधरा दिवस ते तिथे उन्हात ठेवावे आणि चमचा कोरडा वापरावा, असा निरोप आहे. बरणीच्या तळाशी मी पांढरी चिकटपट्टी लावली आहे आणि तिच्यावर आमच्या घराचे नाव लिहिले आहे.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपली नम्र,
पलीकडच्या घरातली डॉक्टरीणबाई